क्रमांक तीन, पण कुणाच्या हिशेबाने?

नेटवर्किंगच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल (माहिती पत्त्यावर पोहोचवण्याचा नियमसंच), कोणत्या थरात मोडतो? ‘तिसऱ्या, नेटवर्क थरात’ असे लिहिले की गुण मिळतात. गंमत अशी, की आजही चालणाऱ्या आयपीची चौथी आवृत्ती ठरवणारा दस्तऐवज, आरएफसी ७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका), सप्टेंबर १९८१ मधला आहे. आणि ज्याच्या हिशेबाने हा क्रमांक पडतो तो, नेटवर्कची कामे एकावर एक अशा सात थरांत वाटणारा ओएसआय नमुना आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला १९८४ साली. बारसे आधी झाले, हजेरीपटावरचा क्रमांक नंतर पडला. इंटरनेटवाल्यांचा स्वतःचा हिशेब तर चारच थरांचा. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तो मांडला आहे: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. त्यात आयपी खालून दुसरा लागतो.

मग हा थर वेगळा काढण्याची गरज का पडली? १९७४ मध्ये विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी जो आराखडा मांडला, त्यात वाट शोधणे आणि माल क्रमाने, पूर्ण पोहोचवणे ही दोन्ही कामे एकाच प्रोटोकॉलकडे होती. फाइल पाठवायची तर हे उत्तमच. पण आवाज पाठवायचा झाला तर? बोलण्यातला हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने परत आणून उपयोग नाही, तोवर संभाषण पुढे गेलेले असते. त्याच्यासाठी मागचे सगळे अडवून धरणे तर आणखी वाईट. १९७७ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एका टिपणात स्पष्टच लिहिले, की थरांचे तत्त्व मोडून आपण आराखडा बिघडवत आहोत. पुढच्याच वर्षी टीसीपी आणि आयपी वेगळे झाले. खात्रीचा भार टीसीपीने उचलला. आयपीकडे उरले ते थोडेसेच: पत्ता वाचायचा, पॅकेट (माहितीचा सुटा तुकडा) पुढे सरकवायचे, जमेल तेवढे करायचे. पॅकेट पोहोचेलच, क्रमाने पोहोचेल, एकदाच पोहोचेल, यातले कसलेही वचन तो देत नाही. माझ्या मते त्याच्या यशाचे खरे कारण हेच. खालच्याकडून फारसे काही मागायचे नाही आणि वरच्याला फारसे काही कबूल करायचे नाही, म्हटल्यावर त्याचे कुणाशीही जमते.

हे जमणे प्रत्यक्षात कसे होते, तर दोन आकड्यांनी. पॅकेटवर ‘मी तिसरा थर’ अशी चिठ्ठी कुठेच नसते. लिंक थरावरच्या इथरनेटमध्ये पॅकेट ज्या वेष्टनात जाते त्या फ्रेममध्ये, आतला प्रकार सांगणारी एक जागा असते. तिथे सोळा-आधारी ०८०० दिसले की आत आयपीची चौथी आवृत्ती आहे, ८६डीडी दिसले की सहावी. फ्रेम उघडून आयपीचे हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, वाचले, की चौथ्या आवृत्तीत पुन्हा आठ बिटांचा एक आकडा सापडतो: ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी (पोहोचण्याची खात्री न देणारा साधा प्रोटोकॉल), १ म्हणजे आयसीएमपी (अडचणींचे निरोप देणारा). खालच्याने वरच्याचे नाव सांगायचे, एवढाच रिवाज.

पॅकेट पुढच्या नेटवर्ककडे ढकलणारे वाटेतले यंत्र, म्हणजे राउटर, निव्वळ वाट ठरवायला आयपीच्या हेडरपलीकडे पाहत नाही. हेडरमधल्या ‘टीटीएल’ या आकड्यातून तो एक वजा करतो. शून्य उरले तर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडतो. नाहीतर वाट चुकलेली पॅकेटे अनंतकाळ गोल फिरत राहिली असती. आकडा बदलला की चौथ्या आवृत्तीत हेडरची चेकसमही (चूक ओळखण्यासाठीची बेरीज) नव्याने मांडावी लागते, आणि ती प्रत्येक राउटरवर. सहाव्या आवृत्तीने ही चेकसमच काढून टाकली, कारण ते काम शेजारचे थर करतातच.

आता जरा कोपऱ्यात पाहू, कारण तिथे आखणी विस्कटते. कोणत्या पत्त्याकडे कुठून जायचे हे राउटरांनी एकमेकांना सांगणे, हे काम निःसंशय नेटवर्क थराचे. पण ते करणारे तिघे तीन मजल्यांवर राहतात. आयएस-आयएस आयपीला वगळून थेट लिंक थरावर चालतो, ओएसपीएफ आयपीच्या पोटात ८९ क्रमांक लावून जातो, आणि बीजीपी तर टीसीपीच्या १७९ व्या पोर्टवर (एकाच यंत्रातले वेगवेगळे प्रोग्रॅम ओळखणारा क्रमांक) बसतो, जणू ॲप्लिकेशनच. उलट बाजूने टीसीपीही आपली चेकसम मांडताना आयपीचे दोन्ही पत्ते त्यात धरतो. त्यामुळे सहाव्या आवृत्तीत पत्ते ३२ बिटांवरून १२८ बिटांचे झाले, तेव्हा चेकसमची रीत वरच्या थरासाठीही नव्याने लिहावी लागली. एक पत्ता अनेक यंत्रांत वाटून देणारे एनएटी तर पत्त्याबरोबर ट्रान्सपोर्ट थराचे पोर्टही बदलते. ओएसआयवाल्यांनाही आपला तिसरा थर एकसंध ठेवता आला नाही. आयएसओ ८६४८ या मानकात त्याचेच तीन उपथर पाडावे लागले.

तरीही या विभागणीत दम आहे, हे एका थट्टेनेच दाखवून दिले. १ एप्रिल १९९० रोजी निघालेल्या आरएफसी ११४९ मध्ये आयपीची पॅकेटे कबुतरांच्या पायाला बांधून पाठवण्याची रीत गंभीर चेहऱ्याने लिहिली होती. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे काही हौशी मंडळींनी ती करून पाहिली. पॅकेटे कागदावर छापली, कबुतरे उडवली. आयपीला खाली तार आहे की पिसे, याच्याशी देणेघेणे नव्हते. नऊ पॅकेटे गेली, चार उत्तरे आली, सर्वात जलद उत्तराला सुमारे ५३ मिनिटे लागली, आणि पिंगने (पॅकेट पाठवून उत्तर येते का पाहणारा प्रोग्रॅम) नेहमीच्याच थंडपणे ५५ टक्के पॅकेटे हरवल्याची नोंद केली.