नाकाने फसलेले समुद्रपक्षी

समुद्रपक्षी रंगीत प्लॅस्टिकला मासा समजून गिळतात, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर या मंडळींच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि अथांग समुद्रात ती अन्न शोधतात ते बरंचसं वासावर.

हा वास डायमिथाइल सल्फाइडचा. क्रिलसारखे बारके जीव सूक्ष्म शैवाल खाऊ लागले की शैवालाच्या पेशी फुटतात आणि हा वायू सुटतो. पक्ष्याच्या लेखी वास आला म्हणजे खाली जेवण आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्लॅस्टिकचे मणी जाळीच्या पिशव्यांत भरून समुद्रात सुमारे तीन आठवडे ठेवले. कोऱ्या मण्यांना हा वास नव्हता. पण पाण्यात त्यांच्यावर शैवालाचा थर चढला आणि मणी तोच वायू सोडू लागले. या वासामागे जाणाऱ्या जातींच्या पोटात इतरांपेक्षा जवळपास सहापट वेळा प्लॅस्टिक सापडतं. पक्ष्याला मूर्ख ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे. लाखो वर्षं बिनचूक चाललेली युक्तीच आपण नासवली.

याची सगळ्यात मोठी झळ बसते पिल्लांना. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाऊ बेटावर शिअरवॉटर बिळांत घरटी करतात. आईबाप समुद्रावरून आणलेला घास पिल्लाच्या चोचीत ओततात, त्यातच बाटल्यांची झाकणं, फुग्यांच्या क्लिपा, दोऱ्यांचे तुकडे. एका पिल्लाच्या पोटातून २७६ तुकडे निघाले होते. वजन पिल्लाच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के! माकूळच्या टणक चोचींसारखं न पचणारं ओकून टाकायची सोय अल्बट्रॉसच्या पिल्लांकडे आहे, पण सगळंच प्लॅस्टिक त्या वाटेने बाहेर पडत नाही.

पोट भरल्यासारखं वाटून भूक मरते, एवढ्यावर थांबत नाही. याच बेटावरच्या पक्ष्यांच्या जठराचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकडे आतल्या अस्तराला पुन्हापुन्हा घासतात, जखमा भरताना चिवट व्रण साठत जातात आणि पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथी खराब होतात. या विकाराला संशोधकांनी ‘प्लॅस्टिकोसिस’ म्हटलंय. गंमत म्हणजे, हे पक्षी प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे खडेही गिळतात. त्यांनी असे व्रण झालेले दिसले नाहीत.

युरोपातल्या उत्तर समुद्राकाठी मरून पडलेल्या फुलमार (पेट्रेलच्याच गोतावळ्यातल्या) पक्ष्यांची पोटं उघडून प्लॅस्टिकचं वजन करण्याचं काम गेली कित्येक दशकं चालू आहे. १० टक्क्यांहून जास्त पक्ष्यांच्या पोटात ०.१ ग्रॅमपेक्षा अधिक प्लॅस्टिक असू नये, असं तिथलं उद्दिष्ट आहे. ते अजून दूर आहे, पण कारखान्यांत कच्चा माल म्हणून वापरल्या जाणाऱ्या गोळ्या तिथल्या पोटांत १९८०च्या दशकापेक्षा बऱ्याच कमी झाल्या आहेत. अशाच गोळ्या मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेल्या मालवाहू जहाजातून तिथल्या किनाऱ्यावर पसरल्या होत्या.