खोड, दुखणं की औषध? मुलांच्या टिक्समागचा जुना वाद

मुलाचा आजार ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्यानं झालेला, असल्याचं निदान झालेलं असतं. स्टेरॉइड सुरू होऊन महिना-दीड महिना उलटलेला असतो, रिपोर्ट सुधारायला लागतात आणि घरातल्यांचा जीव जरा भांड्यात पडतो. तेवढ्यात मूल सारखे डोळे मिचकवायला लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फेरी होते, डोळे ठणठणीत निघतात. आठवड्याभरात मिचकावणं थांबतं आणि मान उडायला लागते, नाहीतर दर मिनिटाला खाकरणं. आईला वाटतं, हे औषधानं झालं. बाबांच्या मनात वेगळीच धास्ती, आजार डोक्यात तर चढला नाही ना? आजी म्हणते, "खोड आहे. लक्ष देऊ नका, जाईल."

अशा नकळत, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना टिक्स म्हणतात. वैद्यकशास्त्रही गेली दोनशे वर्षं त्यांच्याबाबत याच तीन उत्तरांत घोटाळत आलं आहे. उत्तर बदललं की डॉक्टरांचं औषध बदललं, पण आईबापांच्या माथी मारला जाणारा दोषही बदलला. म्हणून हा इतिहास पालकांनी माहीत करून घ्यावा असं मला वाटतं.

सुरुवात टिक्सपासून नाही, त्यांच्या चुलत बहिणीपासून करावी लागते. १६८६ साली थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यानं मुलांमधल्या एका विचित्र हालचालीचं वर्णन केलं. हातपाय आपोआप वळवळतात, पेला तोंडापर्यंत नीट पोहोचत नाही, चाल लटपटते. या दुखण्याला 'कोरिया' म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ नाच. देशाशी त्याचा काही संबंध नाही. अशा मुलाला डॉक्टरांची दोन बोटं घट्ट धरायला सांगितली, तर त्याची मूठ धार काढणाऱ्या हातासारखी आवळत-सुटत राहते. किती पिढ्यांतल्या मुलांनी यापायी "धड एक वस्तू धरता येत नाही का" असं ऐकून घेतलं असेल, कोण जाणे.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही मुलं आणि रुमॅटिक फिव्हरची (सांधे आणि हृदय धरणाऱ्या तापाची) मुलं बऱ्याचदा एकच असतात. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडी नावाची प्रथिनं तयार करतं आणि त्या अँटिबॉडी चुकून आपल्याच अवयवांवर उलटतात, हा उलगडा व्हायला मात्र विसावं शतक अर्धं सरलं. उशिराचं एक साधं कारण होतं. कोरिया घसा दुखल्यावर लगेच दिसत नाही, कधी कधी सहा महिन्यांनी दिसतो. तोवर घशाचं दुखणं कुणाच्या लक्षातही राहत नाही. १९७६ मध्ये कोरिया झालेल्या मुलांच्या रक्तात मेंदूतल्या चेतापेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्रतिकारशक्ती मुलाच्या हालचाली बिघडवू शकते, याचं हे आजही एक भक्कम उदाहरण आहे.

कोरियाच्या मुलांबद्दलचं आणखी एक निरीक्षण विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरांनी १८९४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं होतं. ही मुलं एखाद्या गोष्टीला चिकटून बसतात, तेच ते करत राहतात. या वाक्याकडे पुढची जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

टिक्सची कथा वेगळ्या वाटेनं गेली. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये इतार या डॉक्टरांनी एका सरदार घराण्यातल्या बाईंची हकिकत लिहिली. सातव्या वर्षी तिचे हात आणि चेहरा उडायला लागले, पुढे तोंडातून नको ते शब्द बाहेर पडायला लागले. साठ वर्षांनी, १८८५ मध्ये, जॉर्ज जिल द ला तूरेत यांनी याच बाईंसह नऊ रुग्णांचं वर्णन केलं आणि त्यांच्या गुरूंनी, शार्को यांनी, या दुखण्याला शिष्याचं नाव दिलं. तूरेत यांचा कल आनुवंशिकतेकडे होता. इथवर ठीक चाललं होतं.

मग गाडी घसरली. १९०२ मध्ये मेज आणि फँदेल या दोन फ्रेंच डॉक्टरांचा टिक्सवरचा जाडजूड ग्रंथ आला. टिक्स असलेला माणूस मनानं लहान मूलच राहिलेला असतो, त्याची इच्छाशक्ती दुबळी असते, असा त्यांचा सूर होता. १९२१ मध्ये सँडोर फेरेंझी यांनी मनोविश्लेषणाचा चष्मा लावला आणि टिक्सची मुळं दबलेल्या लैंगिकतेत शोधली. १९४० च्या दशकात मार्गारेट माहलर यांनी या विचारसरणीतून मुलांच्या टिक्सवर बरंच लिहिलं. घरातलं वातावरण, आई-मुलाचं नातं, दडपलेला राग, सगळं खणून काढण्यात वर्षं जात. मूल मान उडवत राही आणि आई स्वतःला कोसत राही. 'खोड' या आपल्या शब्दातही हीच छटा आहे. खोड म्हटली की ती मोडायची असते, आणि मोडली नाही तर वळण लावणाऱ्याचं चुकलं.

या काळातही दुसरा धागा पूर्ण तुटला नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या एन्सेफलायटिस लेथार्जिका या मेंदूज्वरानंतर काही रुग्णांत टिक्ससारख्या हालचाली दिसत होत्या. १९२९ मध्ये सेलिंग नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी सायनसचा संसर्ग आणि टिक्स एकत्र आढळलेले तीन रुग्ण नोंदवले. पण तीन रुग्णांनी वारं फिरत नाही.

वारं फिरवलं एका गोळीनं. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या औषधानं एका रुग्णाच्या टिक्स ओसरल्या. अमेरिकेत आर्थर आणि इलेन शपिरो या दांपत्यानं १९६८ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. मनोविश्लेषणानं जे वर्षानुवर्षं हललं नाही, ते औषधानं हललं होतं. मेंदूतल्या डोपामिन या निरोप्या रसायनावर काम करणाऱ्या औषधानं टिक्स कमी होतात, म्हणजे दोष मेंदूच्या यंत्रणेत आहे, आईच्या वागण्यात नाही, हा शपिरो यांचा रोख. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या कुटुंबांनी आपली संघटनाही उभारली. आईबाप आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले ते इथे. हॅलोपेरिडॉलचे स्वतःचे दुष्परिणाम काही कमी नाहीत, आणि म्हणून आज ते पहिलं औषध राहिलेलं नाही. पण हे ऋण मान्य करायला हवं.

ऑस्लर यांचं ते विसरलेलं वाक्य पुन्हा जागं झालं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सुझन स्वीडो आणि त्यांचे सहकारी मुलांमधल्या ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आणि तीच कृती करत राहावी लागण्याच्या विकाराचा, अभ्यास करत होते. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की कोरियाच्या मुलांमध्येही ओसीडीची लक्षणं असतात. मग प्रश्न उलटा विचारला गेला: कोरिया झालाच नाही, पण घशाच्या संसर्गानंतर अचानक ओसीडी आणि टिक्स सुरू झाल्या, अशी मुलं असतील का? १९९८ मध्ये अशा पन्नास मुलांचं वर्णन आलं. टिक्स सुरू होण्याचं सरासरी वय ६.३ वर्षं. नाव ठेवलं 'पांडास'. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं हे गोंडस नाव पुढे चांगलंच भांडणाला कारण झालं.

आशा मोठी होती. प्रतिकारशक्तीचा घोळ असेल, तर प्रतिकारशक्तीचेच उपचार लागू पडायला हवेत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली: २९ मुलांपैकी काहींचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलला, काहींना आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून) दिलं, काहींना नुसतं सलाइन. ओसीडीच्या लक्षणांत दोन्ही उपचारांनी फरक पडला. टिक्स मात्र प्लाझ्मा बदललेल्या गटातच ठळकपणे कमी झाल्या, आणि त्या गटात कुणाला काय मिळतंय हे लपवलेलं नव्हतं. ही तळटीप बातम्यांमध्ये हरवली. पालकांपर्यंत पोहोचलं ते एवढंच की 'यावर इलाज आहे'.

विरोधकांचा मुद्दा सोपा होता, आणि मला तो अजून बिनतोड वाटतो. शाळकरी वयात घशाचे संसर्ग सर्रास होतात. टिक्सही सर्रास असतात. साधारण पाचातल्या एका मुलाला बालपणी केव्हा ना केव्हा तात्पुरत्या टिक्स होतात असं मानलं जातं. त्यांची सुरुवात बहुधा पाच ते सात या वयात, जोर दहा ते बारात. आणि त्यांचा स्वभावच भरती-ओहोटीचा. दोन्ही गोष्टी इतक्या नेहमीच्या असतील, तर त्या एकामागोमाग एक घडणं हा योगायोगही असू शकतो. पुढे युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून टिक्स असलेल्या ७१५ मुलांवर कित्येक महिने नजर ठेवली. टिक्स उसळणं आणि स्ट्रेप्टोकोकसचा नवा संसर्ग यांची ठोस सांगड त्यांना घालता आली नाही.

मधल्या काळात, २०१२ मध्ये, स्वीडो आणि सहकाऱ्यांनी व्याख्याच बदलली. नव्या 'पॅन्स' या निदानासाठी अचानक उसळलेली ओसीडी किंवा एकाएकी खाणं तुटणं यांपैकी एक हवंच. शिवाय चिंता, चिडचिड, अभ्यासात घसरण, झोप किंवा लघवीच्या तक्रारी अशी इतर लक्षणंही हवीत. टिक्स मुख्य निकषांतून खाली आल्या. म्हणजे नुसते डोळे मिचकावणं सुरू झालं, बाकी मूल तेच आहे, तर ते पॅन्स ठरत नाही. इंटरनेटवर रात्री दोन वाजता शोधाशोध करणाऱ्या पालकांच्या हाती हे वाक्य सहसा लागत नाही. २०१६ मध्ये आयव्हीआयजीची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, ३५ मुलांची. दुहेरी गुप्ततेच्या टप्प्यात, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे ना डॉक्टरांना ठाऊक ना घरच्यांना तेव्हा, औषध आणि सलाइन यांत लक्षणीय फरक दिसला नाही. वाद संपला आहे असं कुणीच म्हणत नाही. काही मुलं खरोखर एका रात्रीत बदलतात, आणि त्यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

आता औषधाची बाजू. हेंच या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. स्टेरॉइडमुळे झोप उडते, मन सैरभैर होतं, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे. स्टेरॉइडनं थेट टिक्स होतात असं ठामपणे म्हणता येत नाही. पण अपुरी झोप, ताण, उत्तेजना यांनी मुळात असलेली प्रवृत्ती वर येते, आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या, सुया, बुडालेली शाळा यांत ताणाला काय तोटा? म्हणून आईचं 'औषधानं झालं' अगदीच चूक नसतं. त्यावरचा उपाय मात्र गोळी मनानं बंद करणं हा नव्हे. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) पटकन बनवता येत नाही आणि जिवावर बेतू शकतं.

बाबांची धास्तीही उडवून लावण्यासारखी नाही. ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारात कोरिया होऊ शकतो, आणि तो घाईत टिक्स म्हणून खपून जातो. फरक ओळखायला सिडनहॅमच उपयोगी पडतो. टिक ठरावीक साच्याची असते: तीच मान, तोच झटका. मोठं मूल सांगतं की आधी आतून काहीतरी टोचतं, केलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ती थोडा वेळ दाबूनही ठेवता येते. कोरियाला साचा नसतो. हालचाल एका अवयवातून दुसऱ्यात वाहत जाते, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू पडतात, दाबून धरता येत नाही. तिसरा प्रकार उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाचा. त्यानं काही मुलांची मान एका बाजूला पिळवटून अडकते, डोळे वर जातात. ही टिक नव्हे. तेव्हा लगेच डॉक्टरांना गाठायचं. शुद्ध हरपत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचा जोर कमी वाटत असेल तरी तेच. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तपासणीच्या खोलीत दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर मूल हमखास शांत असतं.

राहिली आजी. १९७३ मध्ये एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी एक पद्धत मांडली: टिक येण्याआधीची चाहूल ओळखायची आणि तिच्याशी जुळणार नाही अशी दुसरी हालचाल करायची. मान उडणार असेल तर हनुवटी अलगद आत घेऊन श्वास सोडायचा. २०१० मध्ये १२६ मुलांच्या चाचणीत या पद्धतीच्या विस्तारित रूपानं निम्म्याहून जास्त मुलं सुधारली. नुसता धीर आणि माहिती दिलेल्या गटात पाचातलं जेमतेम एक. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीनं २०१९ मध्ये सांगितलं की टिक्सचा त्रास होत नसेल तर वाट पाहणं योग्य, आणि त्रास असेल तर आधी ही पद्धत. थोडक्यात, 'लक्ष देऊ नका' एवढं आजीचं बरोबर. चुकतं ते 'खोड' म्हणणं, कारण ते ऐकून मुलाला वाटतं की हे आपण मुद्दाम करतोय.

लक्ष न देण्यालाही थोडी शिस्त लागते. टोकायचं नाही, "थांबव बघू" म्हणायचं नाही, आणि टिक आली म्हणून गृहपाठ माफही करायचा नाही. पण डॉक्टरांना तारखा हव्या असतात: कोणत्या दिवशी डोस बदलला, ताप कधी आला, झोप किती झाली, हालचाल केव्हा सुरू झाली. ही नोंद मुलादेखत करता येत नाही, कारण टिक्सबद्दल बोलणं सुरू झालं की त्या वाढतात. म्हणून वही काढायची ती मूल झोपल्यावर. त्या वेळी टिक्सही बहुतेक झोपलेल्या असतात.