न्यूयॉर्कच्या एफएमवरून रॉक कसं गेलं

ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ९२.३ एफएम या रेडिओ स्टेशनवरचं रॉक संगीत बंद झालं आणि त्या जागी १०१० एएमवरच्या (एएम ही एफएमहून जुनी प्रसारण पद्धत) बातम्या जशाच्या तशा ऐकू येऊ लागल्या. त्याआधी २०१२ मध्ये १०१.९ वरच्या रॉकची जागा ६६० एएमवरच्या क्रीडा कार्यक्रमांनी अशीच घेतली होती. स्ट्रीमिंगमुळे तरुण श्रोते रेडिओपासून दूर गेले हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलं, तर रॉकला मुळात जागा कुणामुळे मिळाली होती, हे विसरायला होतं.

साठच्या दशकात अनेक एफएम स्टेशनं एएमवाल्यांच्याच मालकीची होती आणि दोन्हींवर तेच वाजायचं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या रेडिओ नियामकाने, म्हणजे एफसीसीने, नियम केला: एक लाखावर वस्तीच्या शहरांत एफएमने निम्म्याहून जास्त वेळ एएमचाच कार्यक्रम लावायचा नाही. मालक खवळले. एफएमला श्रोते नाहीत, जाहिराती नाहीत, मग वेगळ्या कार्यक्रमाचा खर्च कशातून काढायचा? मुदत वाढत वाढत १ जानेवारी १९६७ वर गेली. हिशेबापुरतं मालकांचं चुकत नव्हतं. पण तो मोकळा झालेला वेळ कशाने तरी भरायलाच हवा होता आणि एलपीवरची (मोठ्या तबकड्यांवरची) लांबलचक गाणी स्वतःच्या आवडीने लावणाऱ्या निवेदकांना त्यातूनच वाट मिळाली. १०२.७ वर ऑक्टोबर १९६७ मध्ये रॉक सुरू झालं, ते ३० वर्षांहून अधिक काळ टिकलं. नियम रॉकसाठी केलेला नव्हता, तरी रॉकवर त्याचे मोठे उपकार आहेत.

१९८६ मध्ये एएम-एफएमची ही अट काढून टाकली गेली. तोवर श्रोते कधीच एफएमकडे वळले होते, त्यामुळे ती निरुपयोगी वाटणं साहजिक होतं. मला तो निर्णय आजही घाईचा वाटतो.

१९९६ च्या कायद्याने मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवता येऊ लागली, त्यांपैकी जास्तीत जास्त पाच एफएमवर. आपलीच स्टेशनं एकमेकांचे श्रोते खाऊ नयेत म्हणून मालक प्रत्येक स्टेशनाला श्रोत्यांचा नेमका गट वाटून देऊ लागले. 'रॉक' या शब्दाचे तुकडे आधीच पडले होते: क्लासिक (जुनं गाजलेलं), अल्टरनेटिव्ह (चाकोरीबाहेरचं), अ‍ॅक्टिव्ह (नवं, जोरकस). आता प्रत्येक तुकड्याला एकट्याने फ्रिक्वेन्सीचा खर्च भागवायचा होता.

९५.५ ने १९८३ मध्येच रॉक सोडलं होतं. १०२.७ ने १९९९ मध्ये सोडलं. ९२.३ चं तर सतत मागेपुढे चाललं: २००६ मध्ये गप्पा, २००७ मध्ये पुन्हा रॉक, २००९ मध्ये हिट गाणी, २०१७ मध्ये अल्टरनेटिव्ह आणि शेवटी बातम्या. १०४.३ वर १९९६ पासूनचं क्लासिक रॉक चालू आहे, पण त्यात नव्या बँडला जवळपास वाव नाही. ९२.३ वरच्या बातम्या मात्र १०१० वरही चालूच आहेत, म्हणजे १९६४ च्या नियमाने जे रोखलं होतं तेच.