घरच्या फोटोंसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? आमच्या गिऱ्हाइकांसाठी, जरा सविस्तर

काउंटरवर दिवसातनं एकदा तरी हा प्रश्न येतोच, "फोटो एडिटिंगला घरी काय टाकू?" आणि एका हातानं प्रिंटरला कागद लावत, दुसऱ्या कानाला कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमचा फोन धरून त्याचं नीट उत्तर काय देता येत नाही, मग आपलं 'फोटोशॉप टाका' म्हणून मोकळं व्हायचं. मग तो माणूस कुणाकडनं तरी पेन ड्राइव्हमधनं क्रॅक केलेलं फोटोशॉप टाकून घेतो, दोन दिवस उघडून बघतो, डोकं धरतो, आणि चौथ्या दिवशी तोच फोटो उजळ करायला परत आमच्याकडं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू. आणि आधीच सांगतो, आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही, आम्ही प्रिंट काढतो, फ्रेम करतो, जुने फोटो दुरुस्त करतो, त्यामुळं तुम्ही काय घेता यात आमचं कमिशन शून्य.

आमचं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर नंतर निवडा, आधी फोटोचं काय करायचंय ते ठरवा. बहुतेक लोकांना घरी तीनच गोष्टी लागतात, फोटो सरळ करून कापणं, उजेड कमी-जास्त करणं, आणि हजारो फोटोंतनं हवा तो सापडणं. या तिन्हीला एक रुपयाही लागत नाही.

फोननंच फोटो काढत असाल तर बाकीचं वाचायच्या आधी स्नॅपसीड टाकून बघा. २०११ चं ॲप आहे, २०१२ ला ते बनवणारी कंपनी गुगलनं घेतली, फुकट आहे, जाहिरात नाही. संध्याकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवरच्या जागी फोटो काढला की मागं सूर्य आणि पुढं सगळ्यांची तोंडं काळी, हे सातारकरांचं ठरलेलं दुखणं. स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह म्हणून एक टूल आहे, चेहऱ्यावर बोट ठेवून टिंब टाकायचं आणि तेवढाच भाग उजळ करायचा, आकाश आहे तसं राहतं. हे न करता अख्ख्या फोटोचा ब्राइटनेस वाढवला की सूर्यास्त पांढराफटक होतो, मग चार भिंतीवर गेलात कशाला! गुगल फोटोजमधलं एडिटिंगही घरगुती कामाला पुरतं, मागं आलेला अनोळखी माणूस पुसायचं मॅजिक इरेझर २०२४ पासून सगळ्यांना मोफत केलंय. फक्त एक ध्यानात ठेवा, जून २०२१ पासून तिथं टाकलेले फोटो तुमच्या १५ जीबीतच मोजतात, आणि त्या १५ जीबीत ईमेलही आलं.

कॉम्प्युटरवर काम करायचं असेल तर विंडोजमधलं साधं फोटोज ॲप आधी उघडून बघा, कापणं, सरळ करणं, उजेड, रंग सगळं आहे त्यात. ते कमी पडलं की पेंट डॉट नेट, हलकं आहे, जुन्या मशीनवरही पळतं, लेयर, म्हणजे फोटोचे एकावर एक वेगळे थर, मिळतात, वेबसाइटवरनं घेतलं तर फुकट, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरनं घेतलं तर पैसे लागतात, तेव्हा कुठनं घेताय ते बघा. काही टाकायचंच नसेल तर फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, दिसायला बरंचसं फोटोशॉपसारखंच, फोटोशॉपची पीएसडी फाइलसुद्धा उघडतं, जाहिराती दिसतात तेवढ्या सोसायच्या. फाइल तुमच्याच मशीनवर राहते, कुठं अपलोड होत नाही.

आणि मग गिंप. १९९६ पासून आहे, पूर्ण मोफत, २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. ताकद भरपूर, पण पहिले आठ दिवस वैताग येणार हे गृहीत धरा. आमच्याकडं गिंपवाले गिऱ्हाईक एक चूक हमखास करतात, सेव्ह दाबलं की ते एक्ससीएफ नावाची स्वतःची फाइल करतं, ती पेन ड्राइव्हवर घेऊन येतात आणि आमचं मशीन ती उघडत नाही. प्रिंटला द्यायची तर एक्सपोर्ट करून जेपेग करायची, एक्ससीएफ घरी ठेवायची, कारण लेयर त्यात असतात, उद्या काही बदलायचं झालं तर तीच लागणार. एक जण वाईवरनं दोनदा हेलपाटा मारून गेले याच्यापायी.

आता कॅमेरावाले. कास पठारावर फुलं सुरू झाली की, म्हणजे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, दर सोमवारी कार्डं घेऊन रांग लागते. बहुतेकांची तक्रार एकच असते, पिवळ्या फुलांचे नुसते पिवळे डाग झालेत, पाकळी दिसत नाही. सोनकी असू दे नाहीतर कवला, पिवळा रंग म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही एकदम भरतात, आणि जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला पायऱ्या फक्त २५६, त्यातली वरची पायरी गाठली की पुढचं सगळं सपाट. ते सपाट झालेलं कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही हो, कितीही महागाचं घ्या. म्हणून कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, चालू करा. रॉ १२ बिट असेल तर ४०९६ पायऱ्या, १४ बिट असेल तर १६३८४, शिवाय उजळ भागातला तपशील जेपेगपेक्षा जास्त राहतो, त्यामुळं उजेड खाली आणला की थोडी उडालेली पाकळी बऱ्याचदा परत दिसायला लागते. अर्थात काढतानाच जरा अंधार ठेवून काढलंत तर उत्तम.

रॉ उघडायला पैसे लागतात असा समज आहे, आणि इथं लोक उगाच खर्च करतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर फुकट असतं, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. आम्ही विचारतो तेव्हा दहातल्या आठ जणांना माहीतच नसतं. रंग कॅमेऱ्यासारखेच येतात हा त्याचा मोठा फायदा, दिसायला जरा जुनाट आणि हळू हा तोटा. त्याच्या पुढं जायचं तर डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही मोफत. डार्कटेबलमध्ये बटणं इतकी आहेत की पहिल्यांदा उघडल्यावर विमानात बसल्यासारखं वाटतं. त्यातलं धुकं काढायचं हेझ रिमूव्हल जपून वापरा, कासला माणूस धुक्यासाठीच जातो आणि घरी येऊन तेच पुसून काढतो, हे आम्हाला अजून समजलेलं नाही.

पैसे कधी द्यावेत? एका कार्यक्रमाचे पाचशे-सातशे फोटो एकाच दमात सारखे करायचे असतील, आणि ते महिन्यातनं दोन-चारदा, तर ॲडोबीचं लाइटरूम घ्या, हे काम त्याच्याइतकं सुटसुटीत आम्हाला दुसऱ्या कशात वाटलं नाही. पण ते आता भाड्यानं मिळतं, एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं लाइटरूम २०१५ चं. फोटोशॉपचंही तसंच, २०१३ पासून नवीन सगळं भाड्यावर. महिन्याचा आकडा छोटा दिसतो, बारानं गुणून बघा आणि मग ठरवा. घरच्यांसाठी फोटोशॉप एलिमेंट्स निघतं, ते आधी एकदा घेतलं की आपलं होतं, आता २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांचंच लायसन देतात, घेण्याआधी हे नीट वाचा. अफिनिटी या फोटोशॉपसारख्याच सॉफ्टवेअरची गोष्ट उलटी झाली, पूर्वी विकत होतं, २०२४ ला ते बनवणारी कंपनी कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनवाल्यांनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केलं, कॅनव्हाचं खातं तेवढं काढावं लागतं. लेयरचं काम शिकायचं असेल आणि गिंपचा कंटाळा आला असेल तर आमचं मत अफिनिटीला.

क्रॅकबद्दल एकदाच बोलतो. कायद्याचं तुम्हाला माहीत आहे, पण आमच्यासमोर झालेलं सांगतो. एका ओळखीच्यांच्या मशीनवर क्रॅकबरोबर व्हायरस आला, सगळ्या फाइलींची नावं बदलली, उघडायला पैसे मागायला लागला, आणि त्यात मुलाचे पहिल्या वर्षाचे फोटो होते, दुसरी कॉपी नव्हती. मोफत आणि चांगलं एवढं पडलेलं असताना हे कशाला?

मराठी लिहायचं असेल त्यांनी इकडं लक्ष द्या, कारण वाढदिवसाचे बॅनर आता लोक घरीच करतात. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, 'हार्दिक'चा रफार सुटून पडतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या खाली साउथ एशियन भाषांचा पर्याय निवडायचा, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करायचं, नवीन फाइल घ्यायची, मग नीट येतं. गिंपमध्ये आणि कॅनव्हात ही कटकट नाही. तरीपण प्रिंटला देण्याआधी बॅनर घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या, चूक त्यांनाच पहिल्यांदा दिसते.

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय, रंग. "घरी एवढा छान दिसत होता, तुमची प्रिंट काळी आली" हे वाक्य आम्ही झोपेत पण ऐकतो. फोनचा, लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल असतो, त्या उजेडावर फोटो बरा दिसतो, कागदाला मागनं लाइट नसतो. एडिट करताना स्क्रीन निम्म्यावर आणा, शेजारी एक पांढरा कागद धरा, स्क्रीनवरचा पांढरा साधारण तेवढाच दिसला पाहिजे. दुसरं, एक्सपोर्ट करताना रंगाचा पर्याय एसआरजीबी ठेवा. काही जण कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी भारी म्हणून लावतात, आमचं मशीन एसआरजीबी धरून चालतं, मग रंग मेल्यासारखे येतात आणि बोल आम्हाला. आणि ते रंग गडद करायचं सॅच्युरेशनचं बटण! एका लग्नाचे फोटो घरनं एडिट करून आले, नवरी-नवरदेव दोघंही इतके पिवळे, की आमचा पोरगा म्हणाला यांची हळद अजून उतरली नाही वाटतं. व्हायब्रन्स नावाचा त्याचा धाकटा भाऊ असतो, तो जास्त करून फिक्या रंगांनाच हात लावतो आणि चेहरे सहसा बिघडवत नाही, तो वापरा.

डोकी कापली जातात त्याचंही कारण सांगून टाकतो. फोनचा फोटो ४:३ मापाचा, आणि ४ बाय ६ ची प्रिंट ३:२ मापाची. आडवा फोटो त्यात बसवायचा तर उंचीतला साधारण नववा हिस्सा जातोच, आणि मागच्या ओळीत उभे असलेले उंच मामा नेमके त्या हिश्श्यात असतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपला ३:२ निवडा आणि काय जाणार ते तुम्हीच ठरवा, आमच्या मशीनवर सोडू नका.

जुने फोटो. आपल्याकडं अपशिंग्यासारखी फौजींची गावं, घरोघरी भिंतीवर वर्दीतला पणजोबांचा फोटो, ओल लागलेला, कोपरा गेलेला. फोननं त्याचा फोटो काढू नका, चमक येते आणि वाकडा होतो, स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० टिंबांवर, स्कॅन करा, मग गिंपमधल्या हीलिंग नाहीतर क्लोन टूलनं चरे भरा, वेळ जातो पण हाताला सवय होते. आजकाल एका बटणात फोटो कोराकरकरीत करणारी एआय ॲप आलीत. ती फोटो दुरुस्त करत नाहीत, जे दिसत नाही ते आपल्या मनानं भरतात, हे समजून वापरा. आमच्याकडं एक ताई असा फोटो मोठा करायला घेऊन आल्या, डोळे चकचकीत, मिशी भरदार, सगळं झकास, आणि त्यांच्या आईनं बघून विचारलं, "हे कोण?" मूळ फोटोत चेहराच जेमतेम नखाएवढा होता. रंग भरायला, चरे काढायला एआय चालेल, चेहरा मात्र मूळच्याशी शेजारी ठेवून ताडून बघा.

ज्या फोटोवर काम कराल त्याची आधी कॉपी करा, मूळ वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर. जेपेग उघडून, बदलून, परत परत सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं खराब होतं. फोल्डरला वर्ष आणि महिना नाव द्या, २०२४-०५ बारसं, असं, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. चेहऱ्यावरनं शोधायचं असेल तर डिजिकॅम मोफत आहे. पिकासा, फोटो लावून ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर, अजून विचारतात बरेच जण, ते गुगलनं २०१६ ला बंद केलं, जुन्या मशीनवर चालत असेल तर चालू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रिंटला येताना फाइल पेन ड्राइव्हवर आणा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते, ४ बाय ६ ला तेवढं चालतं, पण १२ बाय १८ च्या फ्रेमला इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल पडतात, आम्ही धरतो ३००, फार तर २०० पर्यंत खाली येतो. आयफोनवाल्यांची एचईआयसी फाइल आम्ही जेपेग करून घेतो, काळजी नको. एडिट केलेल्याबरोबर मूळ फाइल पण घेऊन या, मोठी प्रिंट असेल तर आधी ४ बाय ६ ची एक काढून बघू, पटली तर पुढं. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस फ्रेमचं काम लगेच मिळत नाही, तेवढं सांभाळून घ्या.