शीट फिल्मचं सलग व्हॅक्यूम पॅकिंग

एक्सरे फिल्म, छपाईची लिथो फिल्म, फोटो पेपर, असे जे सपाट आणि उजेड लागला की वाया जाणारे शीट असतात त्यांची मोजून गड्डी करायची, काळ्या पिशवीत घालायची, आतली हवा ओढायची आणि तोंड सील करायचं, आणि हे सगळं एकेक पिशवी हातात धरून नाही तर चालत्या पट्ट्यावर एकामागून एक, अंधारात, ह्याला सलग व्हॅक्यूम पॅकिंग म्हणतात. दवाखान्यात एक्सरे फिल्मचा १०० शीटचा डबा येतो, त्याच्या आत जी विटेसारखी कडक काळी पिशवी असते ती ह्याच कामातून निघते.

आमच्या बडोद्यात व्हॅक्यूम पॅक म्हटलं की अमेरिकेला जाणारं लोणचं नि लीलो चेवडो आठवतो, पण तिथे भांडण ऑक्सिजनशी असतं, खाणं खवट होऊ नये म्हणून हवा काढतात. फिल्मच्या बाबतीत हवा काढायचं मुख्य कारण वेगळंच आहे, आत शीट हलू नयेत. फिल्म म्हणजे साधारण ०.१८ मिमी जाडीचं पॉलिएस्टर आणि त्याच्यावर जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण, एक्सरे फिल्मवर तर दोन्ही बाजूंना. हे जिलेटिन नाजूक असतं, टेम्पोत दोन दिवस शीटवर शीट घासत आली तर ओरखडे पडतात, आणि नुसत्या दाबानेसुद्धा, उजेड अजिबात न लागता, काळा डाग उमटू शकतो. शिवाय कोरड्या हवेत शीट घासलं की स्टॅटिक तयार होते, ठिणगी उडते, आणि ती ठिणगी म्हणजे उजेडच ना, फिल्म धुतली की झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. पिशवी घट्ट बसली की घासणं थांबतं.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पिशवीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं किंवा सीलमध्ये सुरकुती राहिली तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण हवा आत शिरते आणि पिशवी सैल पडते. म्हणजे उजेड शिरायची वाट उघडी आहे हे पिशवी न उघडताच हाताला कळतं. पिशवीत हवा भरलेलीच असती तर हे कळलंच नसतं.

मग हवा पूर्ण काढावी का, तर नाही, इथेच खरी कसरत आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. १४ बाय १७ इंचाच्या फिल्मचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जातं, म्हणजे पूर्ण व्हॅक्यूम केला तर गड्डीवर दीड टनाहून जास्त भार बसेल. तो सगळीकडे सारखा बसला तरी पिशवीची घडी, पुठ्ठ्याची कड, एखादा धुळीचा कण ह्यांचा ठसा वरच्या शीटवर उठणारच. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने कमी केला तरी दीडशे किलोचा भार मिळतो, आणि शीट जागेवर धरायला तेवढा खूप झाला. म्हणून ह्या लाईनवर पंप किती जोरात ओढतो ह्यापेक्षा कुठे थांबतो ते महत्त्वाचं.

लाईन अशी चालते. कापलेल्या शीटची गड्डी, वर-खाली पुठ्ठा लावून, ठराविक अंतराने पट्ट्यावर येते. खालून एक काळा रोल सुटतो, वरून दुसरा, मध्ये गड्डी. दोन्ही बाजूंच्या कडा तापलेल्या रोलरखाली चिकटतात, आडवं सील गरम जॉ, म्हणजे तापलेला जबडा, मारतो, आणि शेवटची कड बंद व्हायच्या आधी तिथून हवा ओढून मग ती बंद करतात. मशीन थांबवायचं नसेल तर हवा ओढणारं चेंबर पिशवीबरोबर थोडं अंतर पुढे सरकतं, काम उरकून परत मागे येतं. साध्या झाकणवाल्या मशीनवर हेच काम माणूस करू शकतो, पण अंधारात चाचपडत गड्डी उचलताना नख लागलं तरी शीटवर चंद्रकोरीसारखा डाग पडतो.

पिशवीच्या पॉलिथिनमध्ये कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, ते उजेड गिळतं आणि पुरेसं असेल तर स्टॅटिकही वाहून नेतं, चांगल्या पिशवीत ॲल्युमिनियम फॉइलचा थर असतो, ओल आत जाऊ नये म्हणून. पण सील करताना आत जी ओल असेल ती आतच राहते, त्यामुळे पॅक करायच्या खोलीची हवा आधी जमवून घ्यावी लागते, फार कोरडी असेल तर स्टॅटिक, फार दमट असेल तर शीट एकमेकांना चिकटतात.

पुठ्ठ्याकडे कुणी बघत नाही, पण त्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४५ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या एक्सरे फिल्मवर न वापरताच काळे ठिपके यायला लागले. ज्युलियन वेब ह्या शास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा दोष पॅकिंगच्या पुठ्ठ्यात निघाला, तो इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या मिलमध्ये नदीचं पाणी वापरून बनलेला. १६ जुलैच्या ट्रिनिटी ह्या अमेरिकेच्या पहिल्या अणुचाचणीची किरणोत्सर्गी धूळ तिथवर पोचली होती, हे त्याने १९४९ मध्ये छापलं. काळी पिशवी उजेड अडवते, किरणं नाही.

दवाखान्यांतून आता डिजिटल आलं, बडोद्यात मात्र ही फिल्म अजून रोज हातात येते, वेल्डिंगच्या तपासणीत. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची शॉप आहेत, तिथे पाइपच्या जॉइंटची रेडिओग्राफी होते, म्हणजे किरणं आरपार सोडून वेल्डचा आतला दोष फिल्मवर बघतात, आमच्या धंद्यात ह्याला नुसतं आरटी म्हणतात. ह्यासाठी एकेका शीटचं वेगळं व्हॅक्यूम पाकीट मिळतं, फिल्मच्या दोन्ही बाजूंना शिशाचा पातळ पत्रा, बाहेर काळी पिशवी. गॅमा किरण शिशावर आदळले की इलेक्ट्रॉन सुटतात आणि तेच फिल्मवर बरंचसं चित्र काढतात, पण शिसं आणि फिल्म ह्यांच्यात जराशी फट राहिली तर इलेक्ट्रॉन पसरतात आणि चित्र पुसट येतं. म्हणजे इथे व्हॅक्यूम नुसतं राखण करत नाही, चित्राचा धारदारपणाच त्याच्यावर अवलंबून आहे.

मी नवीन होतो तेव्हा एका साइटवर रात्री दीडला, रेडिएशनमुळे आजूबाजूला माणूस नको म्हणून हे काम रात्रीच चालतं, घाईत एक सैल पाकीट जॉइंटला बांधलं. फिल्म धुतली तर वेल्डची कड धुक्यात गेल्यासारखी, आतली बारीक क्रॅक आहे का नाही सांगताच येईना, पुढच्या रात्री परत शॉट घ्यावा लागला. आमचे सिनियर काका रागावले नाहीत, एक नवीन पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अंगठ्याने दाबून बघ. शिशाची कड बोटाला लागली पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर बाजूला ठेव."

तेव्हापासून बांधायच्या आधी मी प्रत्येक पाकीट दाबतो. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कोपरा कापला की हवा आत जाताना बारीक 'स्स' येतो आणि पिशवी हातातच मऊ पडते. मग शिसं हळूच, न ओढता, फिल्मपासून वेगळं करायचं, नाहीतर स्टॅटिकची नक्षी इथेही उमटते.