बालवाडीतली वेशभूषा: देखावा कुठून आला, खेळ कुठून

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बालवाड्यांत वेशभूषेचे दिवस ठरलेले असतात. आषाढीला विठ्ठल-रखुमाई, गोकुळाष्टमीला कृष्ण, १४ नोव्हेंबरला नेहरू नाहीतर भेंडी-वांगी. भाड्याच्या ड्रेपरीतलं मूल स्टेजवर येतं, पाठ केलेल्या दोन ओळी म्हणतं किंवा भोकाड पसरतं, आणि फोटो निघतात. आमच्या मते हे वळण गॅदरिंगचं, आणि बेळगावात चित्ररथांचंही. इथली शिवजयंती वैशाखातली, शाळांना सुट्टी असते तेव्हाची. पण तिच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांवरचे सजीव देखावे बघत वाढलेल्या पालकांना वेशभूषा म्हणजे देखावाच वाटणार.

बालशिक्षणात ही गोष्ट दुसऱ्याच वाटेने आली. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला बालगृह सुरू केलं. तिथे कपडा हे हाताच्या कामाचं साधन होतं: लाकडी चौकट, तिच्यावर कापडाचे दोन पदर आणि मधे बटणं, हूक किंवा नाडी, एका चौकटीवर एकच प्रकार. सोंगाच्या खेळाला मात्र त्यांनी फारशी जागा दिली नाही. ती गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी दिली. भावनगरला १९२० मध्ये सुरू झालेल्या बालमंदिरात गोष्ट आणि नाट्य रोजच्या शिक्षणात आलं. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले वापरात आणले. बोर्डीसारखंच बेळगावही तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, ते गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला. अंगणवाड्या त्यानंतरच्या. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे, म्हणजे अंगणवाड्यांचे, ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यांत कर्नाटकातलं टी. नरसीपूर होतं.

बोर्डीची रीत आजही सगळ्यात स्वस्त पडते. उदाहरणार्थ ‘शनिवारचा बाजार’ हा भाजीवाली-गिऱ्हाइकाच्या सोंगाचा खेळ. आदल्या दोन दिवसांत खऱ्या भाज्या हाताळायच्या, निवडायच्या, हुंगायच्या. मग वीस मुलांतली पाच-सहाच एका वेळी खेळात. सगळी एकदम उतरली की टोपी कुणाची यावरच भांडण. सामान म्हणजे चार टोप्या, चार उपरणी, दोन एप्रन, एक तराजू, पाच-पाच बटाटे नि कांदे आणि एक रुपयाच्या कागदी नोटा. पाचाच्या नोटा आणल्या की सुट्ट्या पैशांत खेळ अडकतो. भाजीवाली कन्नड बोलणारी आणि गिऱ्हाईक मराठी ठेवलं तर ‘उळ्ळागड्डी’ही सहज तोंडात बसते. एरवी कन्नड पाठ्यसाहित्य आणि घरची मराठी यांच्यामध्ये मूल गप्पच राहतं.

कपडे मुलाला स्वतः घालता-काढता आले पाहिजेत. बटण दोन सेंटिमीटरचं घ्यावं आणि काज थोडं सैल ठेवावं. घट्ट काजात बटण अडलं की तीन वर्षांचं मूल ओढतं, दोरा तुटतो आणि सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. नऊवारीला नाडी नको, इलॅस्टिक. काठ घोट्याच्या चार बोटं वर. सेफ्टी पिना अजिबात नकोत. मिशी काजळाची, कारण डिंकाने कातडी लाल होते. मुखवटा डोळ्यांवर घसरतो, म्हणून चित्र कपाळपट्टीवर चिकटवावं. पुठ्ठ्याच्या भेंडीत तर मुलाला ना बसता येतं, ना शूला जाता येतं, आणि स्टेजवरचं निम्मं रडं त्यातलंच असतं.

पालकांना कार्यक्रम हवाच असेल तर हाच बाजार त्यांच्यासमोर मांडावा आणि गिऱ्हाईक त्यांनाच करावं. नंबर मात्र काढू नयेत; नंबर आला की पुढच्या वर्षी ड्रेपरी परत आलीच.