मळ्यातल्या घराचा कुत्रा आवारातच राहावा म्हणून: कमी खर्चाच्या कुंपणाची माहिती

कुत्र्यासाठी जाळी विचारायला येणारे बहुतेक ग्राहक एकरांत बोलतात. आम्ही जाळीच विकतो, तरी आमचा सल्ला उलटा आहे: अख्खे रान घेरू नका. चौकोनी एक एकराचा घेर साधारण ८३५ फूट भरतो. घरालगतचे दोन गुंठे, म्हणजे ३३ बाय ६६ फुटांचा तुकडा घेतला, तर घेर फक्त १९८ फूट होतो. खर्च चौथाईवर येतो आणि राखणही सोपी होते. मोठ्या घेरात ओढ्याकाठी किंवा पाटाच्या तोंडाला कुठे भगदाड पडले ते महिनाभर कळत नाही. दोन गुंठ्यांचा फेरा सकाळी धार काढून येता येता होतो. अर्धवट काम मात्र नको. दोनच गुंठे घेरा, पण तळ आणि फाटक यांत हात आखडू नका, कारण कुत्रा बहुतेक वेळा तिथूनच निसटतो.

जाळी घेण्याआधी कुत्रा बाहेर का जातो ते पाहा. नर असेल आणि भाद्रपदाच्या सुमारास रात्र-रात्र गायब होत असेल, तर तो माजावरच्या कुत्रीमागे जातो. अशा नराला सहा फुटी जाळीही अपुरी पडते. त्याची नसबंदी करून घेणे जाळी एक फूट वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते आणि भांडणातल्या चाव्यांच्या जखमाही कमी होतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या, मग आमच्याकडे या. शेजारच्या कोंबड्यांसाठी किंवा रस्त्यावरच्या दुचाकीमागे पळणाऱ्या कुत्र्याला मात्र जाळीच हवी. निपाणी-संकेश्वर-बेळगाव महामार्गालगतच्या वस्त्यांवर तर ती टाळूच नये.

किती उंच, किती जाड

गावठी कुत्र्याला ५ फूट उंची बेताची, पण सहसा पुरते. लॅब्रॅडॉरसारख्या जड किंवा वय झालेल्या कुत्र्याला ४ फूट चालते. मुधोळ ही शिकारी जात किंवा तिचा संकर असेल तर ६ फुटांखाली जाऊ नका. नर मुधोळ खांद्यापर्यंत सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो आणि धावत येऊन उडी घेतो.

जाळी २ बाय २ इंचाची चेनलिंक (नागमोडी तारा एकमेकींत गुंफलेली), १२ गेज, जस्ताचा मुलामा दिलेली घ्या. १२ गेज म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर तार. १४ गेज दोन मिलिमीटरची असते. तिला कुत्र्याने रोज पंजा मारला की पोट सुटते आणि खालची कड वर उचलते. गेज डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून रोल वजन करून घ्या. ५ फूट उंच, ५० फूट लांब १२ गेजच्या रोलचे वजन ४० किलोच्या आसपास भरते आणि १४ गेजचे २५ किलोच्या. काट्यावर ३० किलो दिसत असताना कोणी १२ गेज म्हणत असेल, तर तो रोल उतरवून घेऊ नका. हिरवे प्लास्टिक चढवलेल्या जाळीत फसगत जास्त होते, कारण प्लास्टिकसकट जाडी मोजली की आतली तार पातळ निघते.

कोंबडीची षटकोनी जाळी मोठ्या कुत्र्यासाठी घेऊ नका; तो ती दाताने फाडतो. पिल्ले असतील तर मुख्य जाळीच्या खालच्या दोन फुटांना ती आतून बांधायला उपयोगी पडते, कारण दोन इंचाच्या चौकटीत पिल्लू डोके घालून अडकते. काटेरी तार तर कुत्र्यासाठी नकोच. तो तिच्याखालून सरपटतो, पाठ फाडून घेतो आणि पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडतात.

खांब आणि जमीन

चिकोडी, अथणी, कागवाडकडच्या काळ्या जमिनीत आणि खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत एकच खड्डा चालत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन फुटांवर रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो आणि जाळी सैल पडते. तिथे ८ फुटी खांब घेऊन अडीच ते तीन फूट पुरा. खड्ड्यात उकरलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम आणि दगड घालून पहारीने थर-थर ठोका. तांबड्या जमिनीत ७ फुटी खांब, २ फूट खोल, एवढे पुरे. तिथला त्रास वेगळा: उतारावरचे पाणी जाळीखालची माती वाहून नेते आणि आषाढ संपेपर्यंत कुत्र्याला पुरेल एवढी फट तयार होते.

सिमेंटचे खांब स्वस्त आणि टिकाऊ असतात. लोखंडी अँगल हलका आणि रोवायला सोपा, पण मातीच्या पातळीवर गंजतो, म्हणून तेवढ्या भागाला डांबर लावा. दगडी खांब घरचेच असतील तर उत्तम. बांबू किंवा निलगिरीचे वासे फक्त वर्षभराच्या कामचलाऊ कुंपणाला. वाळवी त्यांना सोडत नाही.

३३ बाय ६६ फुटांच्या आवाराला साधारण असे सामान लागते: आठ-सव्वाआठ फुटांवर एक याप्रमाणे २४ खांब, फाटकासाठी आणखी १, कोपऱ्यांना आणि फाटकाच्या खांबांना मिळून १० तिरके टेकू, ५ फुटी जाळीचे ४ रोल, वर-मध्ये-खाली अशा तीन ओळींसाठी १० गेजची तार १३ किलो, तार ताणायला १२ टर्नबकल, बांधणीला १६ गेजची जस्ती तार २ किलो. साधी काळी बाईंडिंग वायर एका पावसाळ्यात गंजून तुटते, ती वापरू नका. सगळ्या खांबांना काँक्रीट करायची गरज नाही. चार कोपरे, फाटकाचे दोन खांब आणि टेकूंचे पाय एवढ्यालाच केले की सिमेंटची तीन पोती पुरतात. मिश्रण एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी.

उभारणी

आधी सुतळी ताणा. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ ने तपासा: एका बाजूवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्यावर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट. आधी कोपऱ्यांचे आणि फाटकाचे खांब रोवा, टेकू द्या, काँक्रीटला सात दिवस पाणी मारा. घाईने चौथ्या दिवशी जाळी ताणली की कोपरा आत झुकतो आणि मग सगळी बाजू सैल राहते. टेकू खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीवर, जाळीच्या ओळीतच द्यावा, बाहेरच्या बाजूला नव्हे; ताण ओळीतून येतो.

मग मधले खांब रोवा, तीन तारा ताणा आणि जाळी खांबांच्या आतल्या अंगाने, म्हणजे कुत्र्याच्या बाजूने लावा. कुत्रा रेटतो तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. बाहेरून लावली तर प्रत्येक धक्का बांधणीच्या तारेवर येतो. जाळीची दुमडलेली कड वर ठेवा आणि पीळ दिलेली टोकदार कड खाली, जमिनीकडे. दर दीड फुटावर गाठ मारा, खालच्या तारेला दर फुटावर.

दोन रोल जोडताना तारेने शिवू नका. अशी शिवण आधी उसवते. रोलच्या टोकाची एक नागमोडी तार घ्या, तिची वरची आणि खालची दुमड पक्कडीने उघडा आणि तार फिरवत फिरवत बाहेर काढा. दोन्ही रोलांच्या कडा एकमेकींना भिडवा आणि तीच तार वरून एकेका घरातून स्क्रूसारखी फिरवत खाली उतरवा. टोके परत दुमडली की जोड कुठे आहे ते शोधावे लागते. एखादे घर चुकले तर तिथे जाळी सुरकुतते; तेवढी तार परत वर घेऊन पुन्हा उतरवा.

तळाचे दोन फूट

कुत्रा जाळीच्या अगदी बुडाशीच उकरतो. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढायचे त्याला सुचत नाही. सगळा उपाय यावरच उभा आहे. दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा, उभ्या जाळीला चार-सहा इंच चढवून घट्ट बांधा, दर दोन फुटांवर सळीचे उलटे यू ठोका आणि वर तीन इंच माती टाका. हरळी उगवली की पट्टी दिसतही नाही. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे काम कमी मजुरीत होते.

पैसे कमी असतील तर पूर्ण १९८ फुटांना पट्टी नको. कोपऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट, फाटकाच्या आजूबाजूला, आणि जिथे उन्हाळ्यात सावली पडून माती गार राहते त्या बाजूला एवढीच द्या. उकरण्याच्या जागा बहुतेक याच असतात. खानापूरकडे चिरे हाताशी असतात. जाळीच्या बुडाशी आतून चिऱ्यांची एक ओळ अर्धी पुरली तरी तेच काम होते. नुसते सुटे दगड रचू नका, कुत्रा ते सहज सरकवतो.

फाटक

चार फुटी एकच झडप, आत उघडणारी. बाहेर उघडणारे फाटक कडी नीट बसली नसेल तर कुत्र्याच्या धक्क्याने सताड उघडते. आत उघडणारे त्याच धक्क्याने बंद होते. फाटकाखाली फूटभर रुंद काँक्रीटचा उंबरठा घाला आणि फट दोन इंचांपेक्षा जास्त ठेवू नका. नुसती उचलायची कडी हुशार कुत्रा नाकाने उघडतो. कोयंड्यात अडकवायची खीळ ठेवा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली आत येते आणि मोठे गेट दिवसभर उघडे राहते. म्हणूनच ते मोठे गेट कुत्र्याच्या आवाराच्या बाहेर असावे. आखणी करतानाच ट्रॉलीची वाट वगळा.

चढणारा आणि उडी मारणारा

चेनलिंकच्या घरांत पंजे रोवून काही कुत्री शिडीसारखी चढतात. अशांसाठी उंची वाढवण्यापेक्षा वर दीड फुटाची जाळी आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकवा. डोक्यावर जाळी आडवी आली की कुत्रा मागे फिरतो. कडब्याची गंजी, सरपण, शेणकूट, पाण्याची सिमेंटी टाकी हे सगळे जाळीपासून किमान सहा फूट लांब हवे. पाच फुटी जाळीला लागून तीन फुटी टाकी असेल तर कुंपण दोनच फूट उरते. बाहेरचे दिसले की उसळणाऱ्या कुत्र्यासाठी रस्त्याच्या बाजूला चार फूट हिरवे नेट लावा. तेवढ्याच बाजूला लावा, कारण नेट वारा धरते आणि खांबांवर ताण येतो.

झटका मशीन

रानडुकरांसाठी घेतलेले सौर झटका मशीन घरी असेल तर ते इथेही चालते. जाळीच्या आत आठ इंच अंतर सोडून, जमिनीपासून आठ इंचांवर एक तार पुरते. उकरणारा आणि चढणारा दोघेही तिला नाक लावतात. झटका न बसणे हे बहुतेक वेळा अर्थिंगचे दुखणे असते. सहा फुटी तीन सळ्या दहा-दहा फुटांवर ओल्या जागी ठोका आणि चैत्र-वैशाखात त्यांच्या बुडाशी पाणी ओता. गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कापा. सुरुवातीचे काही दिवस तारेला पांढऱ्या चिंध्या बांधा आणि कुत्र्याला दोरीने धरून ओळख करून द्या. जाळीशिवाय नुसत्या तारांवर विसंबू नका. जोरात पळणारा कुत्रा झटका खाऊनही पार होतो आणि मग परत यायला घाबरतो.

घरची किंवा पंपाची हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन तारेला थेट जोडू नका. झटका मशीन क्षणभराचा ठोका देते. थेट लाईन माणूस आणि जनावर दोघांनाही धरून ठेवते आणि मारते. तो गुन्हा आहे.

तारेवरची साखळी आणि रात्रीचा पिंजरा

कुंपण होईपर्यंतची सोय म्हणून दोन खांबांमध्ये ४०-५० फूट, ७ फूट उंचीवर ५ मिलिमीटरचा वायर रोप ताणा. त्यावर फिरती कडी आणि ८ फुटी हलकी साखळी घ्या. दोन्ही टोकांना खांबापासून सात फुटांवर अडथळा लावा, नाहीतर साखळी खांबाला गुंडाळते. साखळी गळपट्ट्याला नको, छातीपट्ट्याला लावा. दहा फुटांच्या आत भिंत किंवा जाळी नको. कुत्रा उडी मारून पलीकडे गेला तर तिथेच लटकतो. सावली आणि पाणी साखळीच्या टप्प्यात हवे. आखूड साखळीला सतत बांधून ठेवणे आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे यांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात बंदी आहे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे रात्री कुत्रा आवारात मोकळा ठेवू नका. बिबट्याला पाच-सहा फुटी कुंपण काहीच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो बेळगावच्या गोल्फ मैदानापर्यंत आला होता. घराच्या भिंतीला लागून ६ बाय १० फुटांचा, १० गेज जाळीचा, वरूनही जाळी आणि पत्रा असलेला पिंजरा करा. फरशीला बाहेरच्या बाजूला दोन इंच उतार द्या.

पावसाळ्यात महिन्यातून दोनदा कुंपणाला फेरी मारा: बुडाशी वाहून गेलेली माती, उचकटलेले यू, सैल झालेले टर्नबकल. वेली जाळीवर चढू देऊ नका. ओल धरून ठेवतात आणि जस्त आधी तिथेच जाते.

दुकानात येताना चारही बाजूंची मापे, जमीन काळी की तांबडी, उतार कोणीकडे आणि कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची लिहून आणा. लोखंडाचा भाव बदलत असल्याने दर इथे छापलेले नाहीत. त्या दिवशीचा दर सांगून रोल तुमच्यासमोर काट्यावर घातला जाईल.